आईबाबांना कमी ऐकू येतंय? पहिल्या शंकेपासून कानात टिकणाऱ्या मशीनपर्यंत

आईचं पहिलं कानाचं मशीन आम्हाला तिच्या शिवणाच्या डब्यात सापडलं. बटणं, हुक, सुटे दोरे आणि त्यांच्यात ते यंत्र, बॅटरीवर पांढरी पूड चढलेली. धाकट्या भावाने ते मोठ्या हौसेने आणलं होतं. दुकानात एका खुर्चीवर बसवून, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना वीस मिनिटांची तपासणी झाली आणि मशीन हातात आलं. आईने आठवडाभर घातलं, "नुसतं डोकं भणाणतं" म्हणाली आणि काढून ठेवलं. त्यानंतर दीड वर्ष ती आमच्यात बसायची, सगळे हसले की हसायची आणि जेवण झालं की लवकर आत जाऊन पडायची.

दुसऱ्या खेपेला आम्ही सगळं मुळापासून केलं. आज तिचं मशीन सकाळी आंघोळीनंतर कानात जातं ते रात्री झोपतानाच निघतं. दोन्ही मशीनच्या किमतीत फार अंतर नव्हतं. फरक पडला तो नीट तपासणीने, नंतरच्या फेऱ्यांनी आणि आम्ही घरात बोलायची पद्धत बदलली त्याने. मशीन विकत घेणं ही या प्रवासाची मधली पायरी आहे, हे आम्हाला पहिल्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून पायरी-पायरीने लिहिते आहे.

पायरी 1: "ऐकू येतं, पण कळत नाही" म्हणजे काय ते समजून घ्या

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आवाज सगळीकडून सारखा कमी होत नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते. तिच्यात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात आणि त्या आवाजाचं रूपांतर मेंदूला जाणाऱ्या संदेशात करतात. उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

आता आपलं बोलणं पाहा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि दणकट. स, श, फ, थ, च, क ही व्यंजनं उंच पट्टीची आणि नाजूक. आवाज स्वरांमुळे ऐकू येतो, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. म्हणून आईला "आत" एवढंच पोचतं, आणि ते सात, हात, भात की जात, हे तिला अंदाजाने ठरवावं लागतं. शांत खोलीत अंदाज बरोबर येतो. पंखा, टीव्ही आणि तीन माणसं एकदम बोलत असली की चुकतो. मग आपण म्हणतो, "तिला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं." हे वाक्य माझ्याही तोंडून गेलेलं आहे. त्याइतका अन्याय दुसरा नाही.

घरातल्या माणसांनी या खुणांकडे लक्ष द्यावं: टीव्हीचा आवाज हळूहळू चढत जाणं, पुरुषांचं बोलणं कळतं पण सुनेचं आणि नातवंडांचं कळत नाही, फोन कायम एकाच कानाला, कुकरच्या शिट्ट्या मोजायला चुकणं, विचारलं एक आणि उत्तर भलतंच, समोरच्याच्या ओठांकडे एकटक बघणं. आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे भजनी मंडळ, भिशी, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा हळूच सुटत जाणं. विचारलं तर माणूस "गुडघे दुखतात" असं सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार साठीपुढच्या दर चार माणसांमागे एकाहून जास्त जणांना रोजच्या व्यवहारात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं. "वय झालं, चालायचंच" म्हणून हे सोडू नये याला आणखी एक कारण आहे. ऐकू कमी येणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यावर उपाय करता येतो अशा घटकांपैकी एक आहे, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2020 आणि 2024 या दोन्ही अहवालांत नमूद केलं आहे. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सगळ्या सहभागींचा एकत्र विचार केला तर मशीनने तीन वर्षांत स्मरणशक्तीच्या घसरणीत फरक दिसला नाही. मात्र ज्यांना धोका आधीच जास्त होता त्या गटात घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. म्हणून मशीन घेताना "यामुळे विसरभोळेपणा थांबेल" असं कोणी छातीठोक सांगितलं तर तेवढं मनावर घेऊ नका. माणसं पुन्हा बोलू लागतात, हा फायदा पुरेसा मोठा आहे.

पायरी 2: विषय कसा काढायचा

चारचौघांत, जावयासमोर किंवा सुनेसमोर कधीही काढू नका. "तुला ऐकू येत नाही" या वाक्याला "येतं की, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता" हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा तिला हवीशी असलेली आणि निसटत चाललेली एखादी गोष्ट धरा. आमच्या आईच्या बाबतीत ती नातीचा फोन होता. मी म्हटलं, "परी फोनवर काय सांगते ते तुला नीट कळावं म्हणून एकदा कान तपासून येऊ. डोळे तपासतो तसेच." डोळ्यांची उपमा चालते, कारण चष्म्याची कोणाला लाज वाटत नाही. मशीन नीट वापरणारी ओळखीची एखादी व्यक्ती असेल तर तिला घरी चहाला बोलवा. आपल्या दहा विनवण्यांपेक्षा तिचं एक वाक्य उपयोगी पडतं.

आणि आत्ताच ठरवा: सगळ्या फेऱ्यांना बरोबर एकच माणूस जाईल. आई गावी आणि मुलं पुण्या-मुंबईत असतील, तर गावी रोज हाताशी असणारी वहिनी किंवा शेजारच्या काकू निदान मशीन बसवण्याच्या दिवशी सोबत असायला हव्यात. मशीन कसं घालायचं हे शहरातल्या मुलाने शिकून काही उपयोग नाही.

पायरी 3: आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर, मग ऑडिओलॉजिस्ट

दोघांची कामं वेगळी आहेत. ईएनटी डॉक्टर कानात मळ, पू, पडद्याला भोक किंवा दुसरा काही आजार आहे का ते बघतात. ऑडिओलॉजिस्ट ऐकण्याची मोजणी करतात, मशीन निवडतात, कानाला जुळवतात आणि पुढे त्याची देखरेख करतात. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. भिंतीवर प्रमाणपत्र दिसलं नाही तर नोंदणी क्रमांक सरळ विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

मळ आधीच काढून घ्या. मळाने बंद झालेल्या कानाची तपासणी चुकीची येते आणि फेरी फुकट जाते. घरी मात्र काडी, हेअरपिन, इअरबड, कोमट तेल यांतलं काहीही कानात घालू नका, आणि बाजारात कान साफ करणाऱ्यांकडून तर मुळीच साफ करून घेऊ नका. इअरबडने मळ आत ढकलला जातो. मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कानात साधी जखमही गंभीर संसर्गाचं रूप घेऊ शकते.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणू नका:

- एका कानाने अचानक, एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी ईएनटी डॉक्टर गाठा. कानाला दडा बसला असेल असं समजून लोक पंधरा दिवस काढतात. या आजारात उपचार जितके लवकर तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त.
- दोन कानांत मोठा फरक, किंवा एकाच कानात सतत शिट्टी वा गुणगुण.
- ऐकू कमी येण्याबरोबर गरगरणं, कान फुटणं, रक्त, तीव्र दुखणं किंवा चेहरा वाकडा होणं.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. क्षयावरची किंवा इतर संसर्गावरची काही इंजेक्शनं (स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन), कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन आणि काही वेळा लघवी होण्यासाठी दिलेली फ्युरोसेमाइडसारखी औषधं कानावर परिणाम करतात. आपल्या मनाने एकही औषध बंद करू नका, पण डॉक्टरांना ते माहीत असलं पाहिजे.

पायरी 4: तपासणीचा दिवस

सकाळची वेळ घ्या. आई ताजीतवानी असते. खाऊन जाऊ द्या, चष्मा आणि कवळी घालून जाऊ द्या. आदल्या दिवशी लग्नाचा बँड किंवा फटाके यांच्या आवाजात बसवू नका.

तपासणी ध्वनिरोधक खोलीत व्हायला हवी. काउंटरच्या मागे, रस्त्याच्या आवाजात केलेल्या तपासणीवर मशीन घेऊ नका. आमच्या पहिल्या पैशांचं पाणी तिथेच झालं. हेडफोनमधून बारीक "टूं" असा आवाज येतो आणि ऐकू आला की बटण दाबायचं किंवा बोट वर करायचं. पुष्कळ वयस्कर माणसांना वाटतं की आवाज स्पष्ट ऐकू आला तरच बोट वर करायचं. आधीच सांगा: "अगदी पुसट, आल्यासारखा वाटला तरी बोट वर कर." एका कानात मुद्दाम वाऱ्यासारखा आवाज सोडतात, तिकडे लक्ष द्यायचं नसतं. मग कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा लावून तीच तपासणी होते. हाडावाटे चांगलं ऐकू येत असेल आणि हवेवाटे कमी, तर बिघाड बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो, आणि तो पुष्कळदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो. पडद्यामागच्या दाबाची तपासणी होते, तिला एखादं मिनिट लागतं.

यानंतर शब्दांची तपासणी करायला सांगा. शब्द वाचून दाखवतात आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणायचे. हे शब्द मराठी हवेत, हा आग्रह धरा. हिंदी किंवा इंग्रजी शब्द आजीला मुळात ओळखीचेच नसतील, तर चूक कानाची की भाषेची हे कळणार कसं? घरात मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असाल तर तेही सांगा. शंभरातले नव्वद शब्द ओळखता आले तर मशीनचा चांगला उपयोग होईल अशी आशा धरायला हरकत नाही. आवाज पुरेसा मोठा करूनही चाळीसच ओळखता आले, तर मशीन आवाज पोचवेल पण शब्द पूर्ण स्पष्ट करू शकणार नाही. ही गोष्ट पैसे भरण्याआधी समजली पाहिजे.

हातात येणाऱ्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. तो उलटा वाचायचा असतो: रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी. डावीकडे 250 हर्ट्झपासून (हर्ट्झ हे आवाजाच्या पट्टीचं माप) खालच्या पट्टीचे आवाज, उजवीकडे 8000 हर्ट्झपर्यंत उंच पट्टीचे. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. समजा एका कानाचे आकडे 500 हर्ट्झला 30, 1000 ला 40, 2000 ला 55 आणि 4000 ला 65 डेसिबल (आवाज किती मोठा याचं माप) आले. बेरीज 190, सरासरी 47.5. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत 35 ते 50 म्हणजे मध्यम. पण सरासरीपेक्षा तो उतार बघा. डावीकडे 30 आणि उजवीकडे 65, म्हणजे "आ" चांगला ऐकू येतोय आणि "स" हरवलाय. आईच्या आलेखावर ऑडिओलॉजिस्टने पेन्सिलने स, श, थ ही अक्षरं काढून दाखवली, तेव्हा भावाने मान खाली घातली. तोवर आम्ही सगळे तिच्यावर ओरडूनच बोलत होतो.

या कागदाच्या दोन प्रती काढा आणि एक फोनमध्ये ठेवा. कुठलंही केंद्र तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथून मशीन घेऊ नका.

पायरी 5: मशीन निवडणं

जाहिरात सांगते "दिसतच नाही इतकं लहान". वयस्कर हातांना मात्र लहान मशीन शत्रूसारखं असतं. सांधे दुखणारी बोटं, मोतीबिंदूची नजर, आणि शेंगदाण्याएवढं यंत्र. कानामागे बसणारं मशीन पकडायला, साफ करायला आणि दुरुस्तीलाही सोपं. खालच्या पट्टीचं बरं ऐकू येत असेल तर बारीक तारेचं आणि मऊ टोपीचं मशीन चांगलं, कारण त्याने कान बंद झाल्यासारखा वाटत नाही. ऐकू खूपच कमी येत असेल तर कानाच्या मापाचा साचा लागतो. आवाज फार वाढवावा लागत असेल आणि बोटं अजिबात साथ देत नसतील, तर खिशातलं जुन्या पद्धतीचं मशीनसुद्धा कमीपणाचं नाही.

चार्जिंगचं की बॅटरीचं? बोटांना चार्जिंग सोपं. पण गावी वीज तासन्‌तास जात असेल तर बॅटरीचं घ्या, किंवा पॉवर बँकवर चालणारा चार्जर मिळतो का ते विचारा. बॅटरीवरच्या स्टिकरचा रंग लक्षात ठेवला की पुरतं: पिवळा 10 नंबर, तपकिरी 312, केशरी 13, निळा 675. याच क्रमाने बॅटरी मोठी आणि जास्त दिवस चालणारी होत जाते, नंबरावर जाऊ नका.

दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर दोन्ही घ्या. आवाज कुठून येतो ते कळणं आणि गर्दीतलं बोलणं वेगळं काढणं, यासाठी मेंदूला दोन कान लागतात. पैसे एकाचेच असतील तर कुठल्या कानाला लावायचं हे शब्दांच्या तपासणीवरून ऑडिओलॉजिस्टला ठरवू द्या.

"किती चॅनेल?" (म्हणजे आवाजाच्या पट्टीचे वेगवेगळे जुळवता येणारे भाग किती) हा प्रश्न दुकानदार आपल्या तोंडी घालतात. त्यापेक्षा हे प्रश्न विचारा आणि उत्तरं बिलावर किंवा कागदावर लिहून घ्या. घरी वापरून बघायला मिळेल का, किती दिवस? कानात बारीक नळी घालून, मशीन पडद्याजवळ नेमका किती आवाज देतंय ते मोजणार का? ही मोजणी करणारं केंद्र मिळालं तर चार पैसे जास्त गेले तरी तिथेच जा. पहिल्या वर्षात किती वेळा जुळवणी विनाशुल्क? दुरुस्ती कुठे होते आणि तोवर बदली मशीन मिळतं का? वॉरंटी किती? बिलावर मशीनचा अनुक्रमांक हवाच.

ऑनलाइन मिळणारे हजार-दीड हजाराचे "साउंड अॅम्प्लिफायर" म्हणजे श्रवणयंत्र नव्हेत. ते पंखा, मिक्सर आणि माणूस सगळ्यांनाच मोठं करतात. परदेशातली मुलं कधी कधी तिकडून मशीन पाठवतात. अमेरिकेत ऑक्टोबर 2022 पासून सौम्य ते मध्यम त्रासासाठी चिठ्ठीशिवाय दुकानात मशीन मिळतात. पण इकडे ते जुळवायला आणि दुरुस्त करायला कोणी नसेल तर सगळी माया डब्यात पडून राहते. त्याऐवजी पैसे पाठवा आणि मशीन आईच्या गावाजवळच्या केंद्रातून घ्या.

पायरी 6: पहिला महिना

जी मशीन कपाटात जातात, ती बहुधा याच महिन्यात जातात. मेंदूने कित्येक वर्षं पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ, स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकलेला नसतो. तो एकदम परत येतो आणि सगळाच सारखा मोठा वाटतो. स्वतःचा आवाज रांजणात बोलल्यासारखा येतो. हे होणार, आणि काही आठवड्यांत बरंच निवळणार, हे आईला आधीच सांगा. आम्ही पहिल्या खेपेला सांगितलं नव्हतं.

पहिले चार-पाच दिवस शांत खोलीत, एकाच माणसाशी गप्पा, दोन-तीन तास. आई रोज पेपरमधलं थोडं मोठ्याने वाचायची. त्याने स्वतःच्या आवाजाची सवय लवकर लागते. मग घरभर, पंखा चालू, नळ चालू. दुसऱ्या आठवड्यात टीव्हीवरच्या बातम्या, कारण निवेदक समोर बघून स्पष्ट बोलतो; मालिकांना पार्श्वसंगीत असतं, त्या नंतर. तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन माणसांत आणि देवळात. लग्न, हॉटेल, बाजार हे शेवटी. दर दोन-तीन दिवसांनी वेळ वाढवत महिनाअखेर दिवसभरावर या.

एक वही ठेवा. आमच्या वहीत असं लिहिलं होतं: "ताटं घासताना आवाज टोचतो." "परी बोलते ते कळत नाही, तिचे बाबा बोलतात ते कळतं." "देवळात घंटेला दचकले." ही वही बघून ऑडिओलॉजिस्टने दुसऱ्या फेरीत दहा मिनिटांत नेमका बदल केला. "बरं नाही वाटत" एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. पंधरा दिवसांनी पहिली जुळवणी, महिन्याने दुसरी, तीन महिन्यांनी तिसरी, एवढं धरून चला. मशीन रोज किती तास घातलं हे बहुतेक डिजिटल मशीन स्वतः नोंदवतात, तो आकडाही विचारा. कान दुखत असेल किंवा लाल झाला असेल तर सहन करायला लावू नका. साचा घासून नीट करता येतो.

घालायचा सराव आरशासमोर बसून, गादीवर किंवा मऊ टॉवेलवर करा, म्हणजे पडलं तरी फुटणार नाही. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. मी आईला "लाल कुंकू उजव्या हाताने लावतो" असं सांगितलं, ते पक्कं बसलं.

पायरी 7: रोजची निगा, आणि आपला पावसाळा

आपल्याकडे मशीनची तीन दुखणी: तेल, घाम आणि दमट हवा. केसांना खोबरेल तेल लावल्यावर लगेच मशीन घालू नका. माइकच्या बारीक छिद्रात तेल गेलं की आवाज बसतो. आंघोळ, तेल, पावडर सगळं आटोपलं की मग मशीन. रात्री कोरड्या मऊ कापडाने पुसायचं, सोबत दिलेल्या ब्रशने टोकाचा मळ झाडायचा, बॅटरीचं दार उघडं ठेवायचं आणि सिलिका जेलच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या, डबीत ठेवायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि कोकणात-गोव्यात तर जवळपास बाराही महिने, ही डबी गरजेची आहे. दाण्यांचा रंग बदलला की ते बदला. ओलं झालेलं मशीन हेअर ड्रायरने, उन्हात किंवा गॅसशेजारी वाळवायचं नाही.

साचा असेल तर तो मशीनपासून वेगळा करून कोमट साबणाच्या पाण्याने आठवड्यातून एकदा धुवा, नळीतलं पाणी फुंकून काढा, पूर्ण वाळू द्या. मशीनला मात्र पाणी नाही आणि स्पिरिटही नाही. नळी कडक, पिवळी झाली की बदलून घ्या.

झिंक बॅटरीचं स्टिकर काढलं की लगेच घालू नका. दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या. एकदा काढलेलं स्टिकर परत लावून बॅटरी वाचत नाही. बॅटऱ्या गोळ्यांच्या डब्याजवळ कधीही ठेवू नका, चुकून गोळी म्हणून गिळल्या जातात. लहान मुलाने किंवा मोठ्याने गिळली तर थांबू नका, थेट दवाखाना.

मशीन बंद पडलं तर दुरुस्तीला धाडण्याआधी या क्रमाने बघा: बॅटरी नवी घाला किंवा पूर्ण चार्ज करा, टोकाच्या जाळीत मळ आहे का बघा आणि जाळी बदला, नळीत पाण्याचा थेंब दिसतो का बघा, मशीन मुठीत धरा, शिट्टी वाजली तर ते बहुधा जिवंत आहे. कानात असताना सारखी शिट्टी येत असेल तर मशीन नीट बसलेलं नाही, कानात मळ आहे, नाहीतर साचा सैल झाला आहे. कानटोपी आणि डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर यांनीही शिट्टी येते. मास्क काढताना दोरीबरोबर मशीन उडतं. क्लिपची बारीक दोरी लावून घ्या.

पायरी 8: घराने बदलायचं ते

कितीही चांगलं मशीन असलं तरी दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक त्याला पेलत नाही. म्हणून आम्ही घरात काही सवयी लावल्या. आधी "आई" म्हणायचं, तिने बघितलं की मग बोलायचं. समोर येऊन, हातभर ते दोन हात अंतरावर, उजेड आपल्या तोंडावर राहील असं. खिडकीकडे पाठ करून बोललं तर तिला आपला चेहरा काळा दिसतो. ओरडायचं नाही, ओरडल्याने शब्द फाटतो, चेहरा रागावलेला दिसतो आणि ज्यांना मोठा आवाज टोचतो त्यांना तर तो लागतोच. जरा सावकाश, वाक्यांमध्ये थांबत.

कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. "सातला येणार" कळलं नाही? "संध्याकाळी, दिवेलागणीला येणार." आकड्यांच्या बाबतीत मराठी फार कठीण आहे: पंचवीस-पस्तीस, एकोणसाठ-एकोणसत्तर, सात-साठ. औषधाचा डोस, ओटीपी, पैसे आणि तारखा सुटे अंक करून सांगा ("पाच, नऊ") आणि लिहूनही द्या. डॉक्टरांनी सांगितलेलं परत म्हणायला लावा. "हो हो" म्हणून मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे.

आणि एक वाक्य घरातून हद्दपार करा: "जाऊ दे, काही नाही." सगळे हसल्यावर आईने "काय झालं?" विचारलं आणि आपण असं म्हटलं की तिला पंगतीतून उठवल्यासारखं वाटतं. तो विनोद पुन्हा सांगा. फिका झाला तरी चालेल.

जेवताना टीव्ही बंद, बोलताना मिक्सर बंद. समारंभात तिला भिंतीला पाठ लावून, स्पीकर आणि स्वयंपाकघरापासून लांब बसवा. दमली तर अर्धा तास मशीन काढून पडू द्या. दिवसभर लक्ष देऊन ऐकण्याचा शीण खरा असतो. अँड्रॉइड फोनवर बोललेलं मराठी अक्षरांत दाखवणारं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' आहे, ते दवाखान्यात आणि बँकेत कामाला येतं. व्हिडिओ कॉल साध्या फोनपेक्षा बरा, कारण ओठ दिसतात.

पायरी 9: पैशांची सोय

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, 1983 मध्ये सुरू झालेली. तिथे, तसंच नायरसारख्या सरकारी-महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि पुण्यात भारती विद्यापीठाच्या ऑडिओलॉजी महाविद्यालयात तपासणी होते. जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या ईएनटी विभागातही चौकशी करा.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी एकदा 3000 रुपये थेट बँक खात्यात मिळण्याची तरतूद 2024 मध्ये झाली. पूर्ण खर्च त्यात भागणार नाही, पण साचा आणि बॅटऱ्या निघतील. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत आणि दिव्यांगांना साधनं देणाऱ्या अ‍ॅडिप योजनेत शिबिरांतून मशीन दिली जातात. अ‍ॅडिपसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल घट असेल तर 'श्रवणदोष' धरतात, म्हणून सौम्य-मध्यम त्रास असलेल्या पुष्कळ आजी-आजोबांना हा दाखला मिळत नाही. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-निवृत्तांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसचे (माजी सैनिकांची आरोग्य योजना) लाभार्थी असाल तर खरेदीआधी मंजुरी घ्या. शिबिरात मशीन मिळालं तरी जुळवणीसाठी पुढे कुठे यायचं हे तिथेच विचारून घ्या. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी 14567 आहे.

दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत असेल आणि चांगलं मशीन नीट जुळवूनही शब्द कळत नसतील, तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल, विचारा. सत्तरी ओलांडली म्हणून ती वाट आपोआप बंद होत नाही, तब्येत बघून ठरतं.

पायरी 10: दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर

हे फार थोडे लोक आधी ठरवून ठेवतात. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सने मशीन काढून कागदी कपात ठेवलं आणि तो कप कचऱ्यात जाता जाता वाचला. रात्री ती घाबरीघुबरी झाली. भूल, नवी जागा, मास्क लावलेली माणसं आणि कानात शांतता. लोकांना वाटलं भ्रम झालाय. मशीन परत कानात घातल्यावर ती दहा मिनिटांत शांत झाली.

तेव्हापासून तिच्या पिशवीत एक झाकणाची डबी असते, तिच्यावर नाव आणि माझा फोन नंबर चिकटवलेला. सोबत बॅटऱ्यांचं पान किंवा चार्जर, आणि एक पुठ्ठा. तो पलंगाच्या डोक्याशी लावायचा: "ऐकायला कमी येतं. कानात मशीन आहे. समोर येऊन, मास्क खाली घेता आला तर घेऊन, सावकाश बोला." एमआरआयच्या खोलीत मशीन न्यायचं नाही, ते बाहेर आपल्या हातात घ्यायचं आणि ती बाहेर आली की इतर कशाच्याही आधी कानात घालायचं. फाइलमध्ये ऑडिओग्रामची प्रत ठेवा. वर्षातून एकदा तपासणी पुन्हा करा. दोन वर्षांत आईचा 4000 हर्ट्झचा आकडा 65 वरून 70 वर गेला आणि तेवढी जुळवणी त्याच दिवशी झाली.